विश्लेषण : 'आय यूज्ड टू' म्हणजे सवय आहे की सवय होती? इंग्रजीत काळ चुकला की अर्थ कसा उलटतो?

कल्पना करा, पुण्यातल्या एका आयटी कंपनीत रात्रीची शिफ्ट सुरू आहे. अमेरिकेतल्या क्लायंटसोबत कॉल चालू आहे. टीममधला एक जण अडचण सांगतो, 'द सर्व्हर यूज्ड टू रीस्टार्ट एव्हरी नाइट.' त्याला म्हणायचं असतं की सर्व्हर रोज रात्री आपोआप रीस्टार्ट होतो, याकडे कुणीतरी बघा. पलीकडून आनंदी आवाज येतो, 'ग्रेट, सो इट्स फिक्स्ड नाऊ?' म्हणजे, 'वा, आता दुरुस्त झालं तर!'

तक्रार नोंदवायला घेतलेला कॉल तक्रार मिटल्याच्या समजुतीवर संपायला हे एक वाक्य पुरतं. गंमत म्हणजे त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. शब्द बरोबर, क्रम बरोबर. व्याकरण तपासणाऱ्या ॲपमध्ये टाकलं तरी लाल रेघ येणार नाही, कारण सर्व्हर खरोखर रीस्टार्ट होतो की व्हायचा हे ॲपला माहीत नसतं. ते फक्त बोलणाऱ्याला माहीत असतं, आणि त्यानेच उलटं सांगितलेलं असतं.

नेहमी घडणारी गोष्ट इंग्रजीत सांगताना वर्तमानकाळ वापरायचा की भूतकाळ, हा प्रश्न म्हणूनच शाळेच्या पेपरातल्या गाळलेल्या जागांपुरता राहत नाही.

'यूज्ड टू'चा नेमका अर्थ काय?

बऱ्याच जणांच्या डोक्यात हे समीकरण पक्कं बसलेलं असतं : 'यूज्ड टू' म्हणजे सवय. हे अर्धंच खरं आहे. 'यूज्ड टू' म्हणजे पूर्वीची सवय, आणि ऐकणारा त्यातून आपोआप पुढचा अर्थ काढतो की ती आता नाही. 'आय यूज्ड टू प्ले क्रिकेट' म्हणजे मी क्रिकेट खेळायचो. हल्ली खेळत नाही.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर 'यूज्ड टू' हा 'स्टेटस : बंद' असा फ्लॅग आहे. 'मी पूर्वीही खेळायचो आणि आजही खेळतो' असं पुढे जोडून तो खोडता येतो, पण तसं जोडलं नाही तर ऐकणारा फ्लॅग जसाच्या तसा वाचतो.

आज चालू असलेली सवय सांगायला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ आहे, म्हणजे सिम्पल प्रेझेंट. 'आय प्ले क्रिकेट एव्हरी संडे.' 'द सर्व्हर रीस्टार्ट्स एव्हरी नाइट.' बस्स, एवढंच. आणि हे 'एवढंच' असणं हीच खरी अडचण आहे.

मग चालू सवयीसाठी 'यूज्ड टू' तोंडात येतं कुठून?

शाळेतलं मराठी व्याकरण आठवून पाहा. प्रत्येक काळाचे चार प्रकार : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति. त्यातला रीति हा प्रकार खास सवयीसाठी आहे. 'मी लिहीत असतो' हा रीतिवर्तमानकाळ, 'मी लिहीत असे' हा रीतिभूतकाळ. इतकंच काय, 'मी लिहीत जाईन' असा रीतिभविष्यकाळसुद्धा आहे. सवय काल असो, आज असो की उद्या, मराठीत तिच्यासाठी वेगळी खोली राखून ठेवलेली आहे.

इंग्रजीत ही सोय एकाच बाजूला उरली आहे. भूतकाळासाठी 'यूज्ड टू' आहे, वर्तमानकाळासाठी तसं वेगळं काही नाही. एकेकाळी होतं. 1611 मध्ये आलेल्या किंग जेम्स बायबलच्या इंग्रजीत 'यूज' हे क्रियापद वर्तमानकाळातही 'नेहमी करतो' या अर्थाने सापडतं. पुढे ते वर्तमानकाळातलं रूप वापरातून गेलं आणि भूतकाळातलं तेवढं टिकलं.

मराठी मनाला मात्र 'करत असतो'ची खोली हवीच असते. 'मी रोज सकाळी फिरायला जात असतो' हे वाक्य इंग्रजीत न्यायचं म्हटलं की 'आय गो' फारच उघडंबोडकं वाटतं. त्या 'असतो'साठी काहीतरी द्यायला हवं, असं वाटून हात जवळच्या 'यूज्ड टू'कडे जातो. 'आय यूज्ड टू गो फॉर अ वॉक डेली.' वाक्य भारदस्त होतं, पण फिरणं थांबतं!

त्यात आणखी एक जुळा भाऊ घोळ वाढवतो. 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. इथे 'यूज्ड टू'चा अर्थ खरोखर सवय असाच आहे, पण काळ सांगतो तो 'ॲम'. 'वॉज' घातलं की सवय होती. 'ॲम' गाळलं आणि 'वेकिंग'चं 'वेक' केलं की आजची सवय थेट इतिहासजमा होते. बोलण्याच्या ओघात हा 'ॲम' नेमका गिळला जातो.

हा एकट्या मराठी माणसाचा दोष आहे, असंही नाही. चालू सवयीसाठी 'यूज्ड टू' देशाच्या इतर भागांतही सर्रास ऐकू येतं आणि सिंगापूर, मलेशियाच्या इंग्रजीतही आढळतं. दोघेही भारतीय असतील तर संदर्भाने अर्थ लागतो आणि काम चालून जातं. ऐकणारा बाहेरचा असला की फटका बसतो.

सोपी कसोटी आहे का?

आहे, आणि ती मराठीतच आहे. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी 'सवय' हा शब्द डोक्यातून काढायचा आणि आपण मराठीत क्रियापद कसं म्हणालो असतो, तेवढं पाहायचं.

'जातो', 'जाते', 'जात असतो' असं आलं, तर इंग्रजीत साधा वर्तमानकाळ. 'जायचो', 'जायचे', 'जात असे' असं आलं, तर 'यूज्ड टू'. 'आजोबा पहाटे उठतात' आणि 'आजोबा पहाटे उठायचे' या दोन वाक्यांत मराठी माणूस कधीही गोंधळत नाही. दुसरं वाक्य ऐकल्यावर समोरचा क्षणभर थबकतो आणि हळूच विचारतो, 'आजोबा आता...?' इंग्रजीतही अगदी हेच होतं. 'माय ग्रँडफादर यूज्ड टू वेक अप ॲट फाइव्ह' म्हटलं की परदेशातला सहकारी 'आय ॲम सॉरी' म्हणू शकतो, आणि आजोबा तिकडे गावाला खणखणीत असतात.

'यचो'ची कसोटी बारीकसारीक ठिकाणीही चालते. 'मी चार वेळा दिल्लीला जायचो' हे मराठीत कानाला खटकतं. मोजून चार वेळा गेलं की ती सवय राहत नाही, आपण 'चार वेळा गेलो' म्हणतो. पण 'वर्षातून चार वेळा जायचो' हे चालतं. इंग्रजीत नियम तोच. 'आय यूज्ड टू गो टू डेल्ही फोर टाइम्स' नको, 'आय वेंट टू डेल्ही फोर टाइम्स' हवं. 'फोर टाइम्स अ इयर' असेल तर 'यूज्ड टू' बिनधास्त वापरा.

मुदत सांगतानाही तसंच. 'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स' असं सर्रास ऐकू येतं. पाच वर्षं हा मोजलेला, सुरू होऊन संपलेला काळ आहे. तिथे साधा भूतकाळ पुरतो : 'आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स.'

साधा भूतकाळ सवयीसाठी चालतो का?

चालतो. 'आय वॉक्ड टू स्कूल' म्हणजे मी शाळेत चालत जायचो, असा अर्थ होऊ शकतो. मात्र 'कधी' हे सांगणारा एखादा शब्द जवळ हवा, जसं 'एव्हरी डे' किंवा 'ॲज अ चाइल्ड'. नाहीतर एकाच दिवशी चालत गेलो, असाही अर्थ निघतो.

तिसरा पर्याय 'वुड'चा. लहानपणीची गोष्ट रंगवून सांगताना इंग्रजीत सुरुवात 'यूज्ड टू'ने होते आणि पुढची वाक्यं 'वुड'वर सरकतात : सुट्टीत कोकणात जायचो, मग आजी आंबे काढून ठेवायची, आम्ही ओट्यावर बसून खायचो. पण 'वुड' फक्त पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीला लागतं, स्थितीला नाही. 'आय वुड लिव्ह इन सांगली' म्हणजे सांगलीत राहायचो असं होत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, सांगलीत राहायला आवडेल. राहणं, असणं, आवडणं, माहीत असणं या सगळ्यांसाठी 'यूज्ड टू'च.

ही कसोटी कुठे फसते?

एका ठिकाणी हमखास फसते. 'मी दहा वर्षांपासून इथे काम करतो.' मराठीत क्रियापद स्वच्छ वर्तमानकाळी आहे. म्हणून 'आय वर्क हिअर सिन्स टेन इयर्स' असं भाषांतर होतं आणि ते इंग्रजीत बसत नाही. सवय किंवा काम पूर्वी सुरू होऊन आजपर्यंत चालू असेल आणि किती काळ तेही सांगायचं असेल, तर 'हॅव बीन' लागतं : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स.' मुदत असेल तर 'फॉर', सुरुवातीचं साल किंवा दिवस असेल तर 'सिन्स'. 'पासून' हा एकच शब्द मराठीत दोन्ही कामं करतो, त्यामुळे ही चूक शिकलेल्या माणसांच्याही तोंडी असते.

दुसरा खड्डा 'आयएनजी'चा. 'आय ॲम गोइंग टू जिम डेली' हे भारतीय इंग्रजीतलं अगदी ओळखीचं वाक्य. प्रमाण इंग्रजीत ही रचना हल्लीपुरत्या गोष्टीसाठी आहे : 'या महिन्यात मी जिमला जातोय', पुढचं पुढे. कायमची सवय असेल तर 'आय गो'. आणि या रचनेत 'ऑल्वेज' घातलं की बहुतेकदा तक्रारीचा सूर लागतो. 'ही इज ऑल्वेज कॉलिंग मी' म्हणजे हा सारखा फोन करत असतो, वैताग आहे नुसता. बॉसबद्दल लिहिताना जपून!

दवाखान्यात, कोर्टात काय बिघडू शकतं?

मीटिंगमधला गैरसमज दुसऱ्या दिवशी ईमेल टाकून दुरुस्त करता येतो. काही ठिकाणी तेवढी सवड नसते.

मुलांकडे अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात काही महिने राहायला जाणारे आईवडील आता मध्यमवर्गीय मराठी घरांत नवे नाहीत. समजा, तिथे अचानक दवाखान्यात जायची वेळ आली. नर्स विचारते, रक्तदाबाचं औषध घेता का? काकांचं इंग्रजी चांगलं आहे, बँकेत नोकरी झालेली आहे. ते आत्मविश्वासाने सांगतात, 'येस, आय यूज्ड टू टेक वन टॅब्लेट एव्हरी मॉर्निंग.' त्यांच्या मनात 'रोज सकाळी एक गोळी घेत असतो' आहे. नर्सने ऐकलं ते 'घ्यायचो'. रुग्ण सध्या औषध घेत नाही, अशी नोंद होऊ शकते. चालू औषधांची यादी डॉक्टरांना उगाच लागत नाही. नवं औषध जुन्याशी जुळतं का, डोस किती द्यायचा, ऑपरेशनआधी काय थांबवायचं, हे त्या यादीवर ठरतं. दारू, तंबाखू आणि ॲलर्जीच्या प्रश्नांनाही हेच लागू. 'आय यूज्ड टू स्मोक' म्हणजे सोडली. ओढत असाल तर 'आय स्मोक' असं कबूल करावं लागेल.

अशा वेळी सगळ्यात सुरक्षित वाक्य सगळ्यात छोटं असतं. 'आय टेक इट एव्हरी डे.' औषध बंद केलं असेल तर 'आय स्टॉप्ड लास्ट इयर.' तिथे भारदस्त इंग्रजीची गरज नाही. आणि प्रवासाला निघताना औषधांच्या नावांची यादी खिशात असलेली बरी, हे वेगळं सांगायला नको.

कोर्टकचेरीत प्रश्न भाषांतराचा आहे. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत साक्षीपुरावा मराठीत होतो, मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. त्यामुळे वर जाणाऱ्या कागदांचं इंग्रजी भाषांतर करावं लागतं. आता एखाद्या महिलेच्या तक्रारीतली ही दोन वाक्यं पाहा : 'नवरा दारू पिऊन मारतो' आणि 'नवरा दारू पिऊन मारायचा'. पहिल्या वाक्यातली मारहाण आजही चालू आहे. त्याचं भाषांतर 'यूज्ड टू बीट' असं झालं, तर चालू असलेला त्रास कागदावर संपलेला दिसतो. संरक्षणाचा आदेश मागणाऱ्या अर्जात याने फरक पडू शकतो. उलटही तितकंच. जुनी, थांबलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहिली, तर समोरचा वकील त्याच शब्दावर बोट ठेवणार. भाषांतर करणाऱ्याने मूळ क्रियापदाचं 'तो' आणि 'यचा' दोनदा तपासावं ते यासाठी. आणि ज्यांना इंग्रजी कागदावर सही करायची आहे त्यांनी तो मराठीत समजावून घ्यावा, निदान क्रियापदं तरी.

मुलाखत आणि रेझ्युमेमध्ये कोणता काळ?

मुलाखतीत 'तुम्ही सध्या काय काम करता?' याला 'आय यूज्ड टू हँडल द टेस्टिंग टीम' असं उत्तर दिलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला : 'मग आता काय करता?' उमेदवार गडबडतो, मुलाखत घेणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवतोय. सध्याच्या नोकरीसाठी 'आय हँडल', आधीच्या नोकरीसाठी 'आय हँडल्ड'.

रेझ्युमेत सध्याच्या नोकरीतली रोजची कामं वर्तमानकाळात, संपलेले प्रोजेक्ट भूतकाळात, आणि आधीच्या नोकऱ्या सगळ्या भूतकाळात लिहिण्याची पद्धत आहे. नोकरी बदलली की जुन्या परिच्छेदातली क्रियापदंही बदलावी लागतात. हे बहुतेक जण विसरतात आणि दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीत कागदावर आजही काम करत राहतात. रेझ्युमेत 'यूज्ड टू' मात्र कुठेच नको. तिथे कामाची नोंद हवी असते, आठवणी नकोत.

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस देणाऱ्यांनी हा भाग जास्त घोटावा. स्पीकिंगच्या 4 ते 5 मिनिटांच्या पहिल्या टप्प्यात गाव, काम, अभ्यास, छंद असे रोजच्या आयुष्याचेच प्रश्न असतात. 'तुम्ही वाचता का?' आणि 'लहानपणी वाचायचात का?' असे प्रश्न पाठोपाठ येऊ शकतात. पहिल्याला वर्तमानकाळ, दुसऱ्याला 'यूज्ड टू' किंवा साधा भूतकाळ. गुण देण्याच्या चार निकषांपैकी एक व्याकरणाचा आहे. शिवाय प्रश्नातच काळ दिलेला असतो. तो कान देऊन ऐकला तर अर्धं काम होतं.

'तो म्हणाला' नंतर काय करायचं?

इथे मराठी आणि इंग्रजीची तऱ्हा अगदी वेगळी आहे. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचा काळ आपण तसाच ठेवतो : 'तो म्हणाला की तो रोज पोहतो.' म्हणणं कालचं, पोहणं आजचं, तरी काही खटकत नाही. इंग्रजीत 'सेड' आलं की पुढचं क्रियापदही भूतकाळात ओढलं जातं : 'ही सेड ही स्वॅम एव्हरी मॉर्निंग.' शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्टच्या धड्यात हे सक्तीने घोटून घेतलं जातं. त्यामुळे अनेकांना माहीत नसतं की सवय आजही चालू असेल तर 'ही सेड ही स्विम्स एव्हरी मॉर्निंग' हेही बरोबर आहे. उलट अर्थ स्पष्ट ठेवायचा असेल तर तेच बरं.

नको ते फक्त 'ही सेड ही यूज्ड टू स्विम'. त्याने सांगताना 'पोहतो' म्हटलं होतं, 'पोहायचो' नव्हे.

'यूज' लिहायचं की 'यूज्ड'?

उच्चाराने फसवणारी ही शेवटची जागा. 'वापरलं' या अर्थाच्या शब्दात 'झ्ड' ऐकू येतो, पण सवयीच्या 'यूज्ड टू'चा उच्चार प्रत्यक्षात 'यूस्टू' असा एका झटक्यात होतो. मधला 'ड' ऐकूच येत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर 'आय यूज टू' असं लिहिलं जातं. 'यूज' हाही इंग्रजीतला खरा शब्द असल्याने साधा स्पेलचेकर तो जाऊ देतो. साध्या विधानात 'ड' हवाच. प्रश्न आणि नकारात मात्र 'डिड' येतं आणि भूतकाळाचं ओझं तेच उचलतं, म्हणून तिथे 'ड' नको : 'डिड यू यूज टू लिव्ह हिअर?', 'आय डिडन्ट यूज टू लाइक टी.' इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे चुकतात, कारण कानाला फरक कळत नाही.

समोरच्याच्या 'यूज्ड टू'बद्दल शंका आली, तर विचारायला इंग्रजीत दोन शब्दांचा प्रश्न तयार आहे : 'स्टिल डू?' थोडं नीट म्हणायचं तर 'डू यू स्टिल डू इट?', म्हणजे अजूनही करता का? कॉलवरच्या क्लायंटने 'फिक्स्ड नाऊ?' विचारलं, तेव्हा त्याला हवं असलेलं उत्तर एवढंच होतं : 'नो, इट स्टिल रीस्टार्ट्स एव्हरी नाइट.'